मुलांचं काही छान घडलं, तर तुम्ही सांगता कुणाला?

पायरीवरची

प्रश्न जरा पोरकट वाटेल, तरी विचारते.

मला दोन मुलं. मुलगी नऊची, मुलगा चारचा. मी घरून हिशेबाची कामं करते, नवऱ्याची फिरतीची नोकरी, सासूबाई आमच्याकडेच असतात. म्हणजे घर भरलेलं आहे, बोलायला माणूस नाही अशातला भाग नाही. पण हल्ली एक लक्षात आलंय. धाकट्याला ताप आला, मोठीची वही हरवली, शाळेतून चिठ्ठी आली, की माझा हात आपोआप फोनकडे जातो. मैत्रीण उचलते, मी माझं गाऱ्हाणं सांगते, ती तिचं सांगते, अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

आता अलीकडची गोष्ट. धाकट्याला उचकी लागली होती. तो काहीतरी महत्त्वाचं सांगत होता (त्याचं सगळंच महत्त्वाचं असतं) आणि उचकी दर शब्दाला आडवी येत होती. शेवटी त्यानं कमरेवर हात ठेवला, मान वाकवून स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि बजावलं, "मी बोलतोय ना आत्ता? कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही!" वाक्य माझं, सूर माझा, कमरेवरचा हातसुद्धा माझाच. मी हसत हसत खाली बसले. फोन घेतला, नंबर काढला, आणि ठेवून दिला. सांगणार काय? 'अगं, आमचा मुलगा उचकीला रागावला'? एवढ्यासाठी कुणी फोन करतं का?

दुसरी गोष्ट तर घरात बोलायचीही सोय नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मोठी त्यांना पेपर वाचून दाखवते. आणि वाचताना ती वाईट बातम्या गाळते. अपघात, चोऱ्या, पूर, सगळं साफ. अंक पातळ वाटू नये म्हणून मधूनच एखादी बातमी पदरची घालते. हरवलेलं कुत्रं मालकाला सापडल्याची बातमी मी माझ्या कानांनी ऐकली, नंतर तो अंक पालथा घातला, कुत्रं कुठेच नव्हतं. गंमत अशी की सासूबाईंना हे सगळं कळतं. मला हळूच म्हणाल्या, "पोरगी बातम्या गाळते गं. मी तिला कळू देत नाही." आणि पोरगी म्हणते, "आई, आजीला बोलू नकोस हं." दोघींची गुपितं माझ्याकडे, आणि मी कुणाकडे जाऊ?

शाळेच्या आयांचा ग्रुप आहे, पण तिथे लिहिलं की मिरवल्यासारखं होतं आणि खाली लगेच कुणाचं तरी पदक येऊन पडतं. नवरा रात्री फोन करतो तेव्हा अर्धा झोपेत असतो. तर असं काही घडलं की तुम्ही सांगता का कुणाला? की मनातच ठेवता?

जुळ्यांची_आई

खरं बोलू? असे धागे उघडायलाच मला भीती वाटते. आता इथे सगळ्या येऊन आपापली गोड गोड मुलं मांडणार, आणि मी वाचत बसणार की माझ्याच नशिबी हे का नाही.

माझी जुळी दोन वर्षांची आहेत. एक झोपतं तेव्हा दुसरं उठतं. भेटेल तो माणूस सांगतो, "हे दिवस परत येणार नाहीत, मजा घे." बाई गं, यातले निम्मे दिवस मला परत नकोच आहेत.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाही. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅनियल काहनेमान, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या नोकरी करणाऱ्या ९०९ बायकांना कालचा दिवस आठवून लिहायला सांगितला होता. सकाळपासून रात्रीपर्यंतचे एकेक प्रसंग वेगळे करायचे, आणि प्रत्येक वेळी कसं वाटत होतं ते नोंदवायचं. २००४ साली ते छापून आलं. त्यात मुलांची काळजी घेणं हे टीव्ही बघण्याच्याही खाली निघालं. त्याच्या खाली उरलं काय, तर घरकाम, नोकरीचं काम, कामावर जाण्यायेण्याचा प्रवास अशीच मंडळी. आणि कुणाच्या सहवासात सगळ्यात बरं वाटतं, तर मित्रमैत्रिणींच्या. मुलं त्या यादीत नातेवाइकांच्या आणि नवऱ्याच्याही नंतर.

हे वाचलं त्या दिवशी मला इतकं मोकळं वाटलं! माझा आनंद म्हणजे पोरं एकाच वेळी झोपलेली असताना शेजारची मैत्रीण चपला हातात धरून दाराशी येते (आवाज नको म्हणून), आणि आम्ही पॅसेजमध्ये बसून कुजबुजत हसतो, तो. त्याला आईपणाचा आनंद म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पायरीवरची

म्हणायचं की! आणि अगं, मुलं गोड आहेत हे मी कुठे म्हटलं? माझा धाकटा उचकीला रागावला त्याच्या आधी दहा मिनिटं मी त्याला रागावले होते, म्हणून तर वाक्य ताजं होतं. तुझी चपला हातात धरून येणारी मैत्रीण मात्र मला हवी आहे.

आजी_नंबर_दोन

मी इथल्या बहुतेकींच्या आईच्या वयाची, तेव्हा अगं-तुगं करते, राग मानू नका.

माझी मुलं लहान होती तेव्हा माझी आई लांब राहायची. फोन नव्हता आमच्याकडे, पत्रं होती. पहिल्या पहिल्यांदा मी सगळं लिहायचे. मग एकदा मुलाच्या गोवराचं लिहिलं. पत्र पोचलं तोवर इकडे पोरगा बरा होऊन अंगणात उड्या मारत होता, आणि तिकडे आईची झोप उडाली. तिचं काळजीनं भरलेलं पत्र माझ्याकडे येईपर्यंत आणखी आठवडा गेला. सांगा, त्या काळजीचा काय उपयोग? शिळी काळजी ती. तेव्हापासून ठरलं, दुखणीखुपणी पत्रात लिहायची नाहीत, फारच मोठं असेल तर तार. मग पत्रात उरलं काय? हेच, तुझ्या उचकीसारखं. धाकटीनं स्वतःच्या सावलीला वाट करून दिली, थोरल्यानं देवळातली घंटा वाजवण्याऐवजी तिला "नमस्कार" म्हटलं, असलं काहीबाही. दुखणं शिळं होतं, पण हे आठ दिवसांनी वाचलं तरी तितकंच हसू येतं.

आई उलट पत्री विचारायची, "मग सावलीनं काय केलं?" मला त्याचं उत्तर द्यायला आणखी एक पत्र लिहावं लागायचं. म्हणून मी दिवसभर काहीतरी शोधत असायचे. भांडी घासताना मनात मजकूर जुळवायचे. आता मागे वळून बघते तर कळतं, ऐकणारं माणूस पक्कं होतं म्हणून मला दिसत तरी होतं. नाहीतर चार जणांच्या घरात कोण कुणाच्या सावलीकडे बघतंय!

तू विचारलंस एवढ्यासाठी कुणी फोन करतं का. कर गं. समोरची रिकामटेकडी म्हणेल, म्हणू दे.

अर्धी_मानसशास्त्रज्ञ

(पदवी अर्धवट सोडली, म्हणून हे नाव.)

आजी, तुमची आई जे करत होती त्यावर नंतर संशोधन झालंय. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. लोकांना रोजनिशी ठेवायला लावली, आज काय चांगलं घडलं आणि ते कुणाला सांगितलं का. ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी माणसं जास्त खूश होती. घटनेमुळे जितकं खूश व्हावं त्याच्यावर आणखी थोडी. म्हणजे सांगण्याचा आनंद वेगळा मोजता आला.

पण मेख पुढे आहे. ऐकणारा काय म्हणतो त्यावर बरंच अवलंबून. त्यांनी प्रतिसादाचे चार प्रकार केलेत. उचकीवरच लावून दाखवते.

पहिला: "काय सांगतेस! कमरेवर हात ठेवून? मग उचकी थांबली का?"

दुसरा: "हं. छान."

तिसरा: "बघ हं, आज उचकीला बोलतोय, उद्या तुला बोलेल."

चौथा: "बरं ते राहू दे, तो गॅस सिलिंडरवाला येऊन गेला का?"

जोडप्यांमध्ये पाहिलं तर पहिला प्रकारच नात्याच्या बाजूनं निघाला. बाकीचे तिन्ही उलट्या बाजूला. मला धक्का बसला तो दुसऱ्याचा. "हं, छान" मध्ये वाईट काय आहे? तरी तो त्या तिघांतच बसतो. तेव्हा ताई, तुमचा हात फोनवरून मागे येतो तो तुमच्या भिडस्तपणामुळेच असेल असं नाही. आधी कधीतरी दोन-तीन वेळा "हं, छान" ऐकलेलं असतं, आणि हाताला ते आठवतं.

गाऱ्हाण्याचं तसं नाही. गाऱ्हाण्याला "हं, छान" कुणी म्हणत नाही!

आजी_नंबर_दोन

तिसऱ्या प्रकारात आमच्या थोरल्या जाऊबाई. अख्ख्या. बाळ हसलं तर म्हणायच्या, "वारा धरला असेल."

बालवाडीवाली

मी लहान मुलांना शिकवते, म्हणून माझ्या बाजूनं सांगते. मुलांना न्यायला आया येतात ना, त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मी नुसतं "थांबा हं एक मिनिट" म्हटलं तरी खांदे ताठ होतात. "काय केलं आज यानं?" हाच पहिला प्रश्न. कारण शाळेनं थांबवलं म्हणजे तक्रार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि ते आम्हीच बसवलंय.

मग मी एक सवय लावून घेतली. रोज एका तरी आईला थांबवायचं आणि चांगलंच सांगायचं. तेही "हुशार आहे" असलं नाही, घडलेलं काहीतरी. "आज एक मुलगी रडत होती तर यानं तिला स्वतःचा रुमाल दिला, आणि मग दिवसभर तो परत मागायचा कसा या काळजीत होता." आई आधी हसते. मग परत सांगायला लावते. आणि मजा म्हणजे बाजूला उभी असलेली दुसरी आई म्हणते, "अय्या, ती रडणारी माझीच!" दोघी फाटकापर्यंत बोलत जातात. मुलं पुढे, या मागे. अशा फाटकापर्यंतच्या ओळखीतून पुढे एकमेकींची पोरं सांभाळण्यापर्यंत गेलेल्या जोड्या मी पाहिल्यात.

जुळ्यांच्या आईला आणखी एक. बाळाशी आईचे सूर सतत जुळलेले असतात असं आपण धरून चालतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकापासून आई आणि तान्ही बाळं समोरासमोर बसवून चित्रीकरण केलं. धडधाकट, प्रेमळ अशा जोड्यांतही सूर जुळलेला वेळ साधारण ३० टक्केच निघाला. बाकी वेळ चुकामूक. बाळ बघतंय तर आईचं लक्ष नाही, आई हसतेय तर बाळ पंख्याकडे. मग कुणीतरी पुन्हा वळतं आणि गाडी रुळावर येते. ट्रॉनिक यांचं म्हणणं, मूल शिकतं ते या परत जुळण्यातून. तेव्हा बाकीच्या ७० टक्क्यांबद्दल जीव जाळू नका.

जुळ्यांची_आई

मी जुळ्यांना ३० टक्के विभागून देते, १५-१५. 😄

पण मनापासून आभार. आणि एक विचारू? तुमच्याकडे मुलं कितव्या वर्षी घेतात?

तिसरा_मजला

मी इथे फारशी लिहीत नाही. पण मिरवण्याचा मुद्दा आला म्हणून लिहिते.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि तो बोलत नाही. दोन-चार आवाज आहेत त्याचे, आम्हाला कळतात. त्याच्या वयाच्या मुलांच्या आया माझ्या मैत्रिणी होत्या, अजून आहेत. पण हळूहळू त्यांनी मला त्यांच्या मुलांचं सांगणं बंद केलं. चांगलं तर अजिबातच. मी आले की विषय बदलतो. एकदा लिफ्टमध्ये शिरताना एकीचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, तिची मुलगी कसल्यातरी नाटकात काम करत होती. त्यांचा हेतू चांगला आहे, मला कळतं. पण त्यामुळे झालंय काय, की माझ्या वाट्याला फक्त त्यांची गाऱ्हाणी येतात. मुलांची आजारपणं, परीक्षांचे घोळ. जणू मला तेवढंच पेलेल. त्या मुलांना मी अंगाखांद्यावर खेळवलंय, मला नको का कळायला ती नाटकात काय झाली ते?

आणि माझ्याकडे पण सांगण्यासारखं असतं, ते कुणी विचारत नाही, कारण त्यांना वाटतं नसेलच. तर सांगते. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. माझा मुलगा रोज संध्याकाळी जिना चढून जातो आणि त्यांची बेल दोनदा वाजवतो, टिंग टिंग, लागोपाठ. काका दार उघडून त्यांचा किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात देतात. तो पायरीवर बसून जुडगा वाजवतो, परत देतो, खाली येतो. बस, एवढंच. सुरुवातीला मी मागोमाग जायची, माफी मागायची. आता जात नाही. मध्यंतरी काका गावाला जायचे होते तेव्हा ते स्वतः खाली आले आणि मला नाही, त्याला सांगितलं, "दोन दिवस मी नाही. जुडगा समोरच्या काकूंकडे ठेवलाय." आणि तो समोरच्या काकूंकडे गेला! नवीन दार, नवीन माणूस, तरी गेला. ज्यांना अशी मुलं आहेत त्यांना कळेल हे केवढं आहे ते. आता काकूही विचारतात, "आज आला नाही का?"

तेव्हा माझी विनंती एवढीच, ज्यांच्याकडे सगळं सुरळीत नाही त्यांच्यापासून तुमचं चांगलं लपवू नका. आधी एक वाक्य सांगा, चेहरा बघा. नको असेल तर कळतंच माणसाला.

पायरीवरची

मी हे दोनदा वाचलं. आणि मग उठून मैत्रिणीला फोन केला. का ते सांगते. तिच्या मुलाला अभ्यासात त्रास आहे, अक्षरं उलटसुलट होतात त्याची. मोठीचं वाचनाचं काही मी तिला कधी सांगत नव्हते. काकांच्या जुडग्याचं वाचल्यावर वाटलं, मी पण लिफ्टमधलीच की.

तिला पेपरवाचनाचं सगळं सांगितलं, कुत्र्यासकट. ती इतकी हसली की तिच्या घरातली माणसं धावत आली. मग म्हणाली, "अगं, आमचं ध्यान तर आजोबांना गोष्ट वाचून दाखवताना चित्रांवरूनच रचतं. पानभर मजकूर असतो, हा तीन वाक्यांत राजाला घरी पाठवतो. आणि आजोबा म्हणतात, मूळ गोष्टीपेक्षा हीच बरी." हे ती मला पहिल्यांदा सांगत होती! दोघी सारख्याच गोष्टीवर बसून होतो, एकमेकींना वाईट वाटेल म्हणून.

आता दोघांना एकत्र बसवायचा बेत आहे. ही बातम्या गाळणार, तो मजकूर बदलणार, आणि समोर आजी-आजोबा. नवऱ्याला "हं, छान" चा नियम वाचून दाखवला. तो म्हणाला, "हं, छान." मुद्दाम म्हणाला असं त्याचं म्हणणं.

तिसरा मजला, तुमच्या मैत्रिणीच्या मुलीचं ते नाटक झालं का? तिला सरळ विचारा ना. तुम्ही विचारलंत तर ती सुटेल बिचारी.

तिसरा_मजला

झालं असणार. विचारते. ती झाड झाली होती असं उडत उडत कानावर आलंय, पण झाडाला संवाद होते की नव्हते ते कळायला हवं.

बालवाडीवाली

@जुळ्यांची_आई, आमच्याकडे तीन पूर्ण लागतात. पण न्यायच्या वेळी फाटकाशी येऊन उभ्या राहिलात तर कुणी हाकलत नाही. जुळ्यांना घेऊन या, आमची मुलं त्यांना बघून वेडी होतील.